फवारणीच्या आधी खुडणी: छोट्या चहा उत्पादकांसोबतचा पहिला हंगाम

चहाचं पान खुडल्यावर कुणी धुत नाही. झुडपावरून ते टोपलीत येतं, टोपलीतून गाडीत आणि गाडीतून कारखान्यात. तिथे ते कोमेजवतात, चुरडतात, आंबवतात आणि वाळवतात. खुडल्यानंतर पाण्याशी त्याची पहिली गाठ पडते ती थेट पिणाऱ्याच्या कपात. त्यात साधारण साडेचार किलो हिरव्या पानांचा एक किलो चहा होतो, म्हणजे पानावर कीटकनाशकाचा अंश राहिलाच असेल तर वाळताना तो दाट होत जातो. भाजी धुऊन घेता येते, चहाला ती सोय नाही. जे सांभाळायचं ते झुडपावरच.

कृषी शिक्षण संपवून आसाम किंवा उत्तर बंगालमध्ये छोट्या चहा उत्पादकांसोबत काम करायला निघालेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. निलगिरीतलं हवामान, हंगाम आणि रोग वेगळे आहेत. तिकडे जाणाऱ्यांनी यातली पद्धत घ्यावी, तपशील मात्र तिथल्या लोकांकडून घ्यावेत.

केंद्र सरकारच्या टी बोर्डाच्या व्याख्येनुसार १०.१२ हेक्टरपर्यंत, म्हणजे २५ एकरांपर्यंत चहा लावणारा तो छोटा उत्पादक. प्रत्यक्षात तुम्हाला भेटणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे काही बिघेच चहा असतो, घराच्या मागे, कधी सुपारी आणि भातखाचराच्या शेजारी. देशातला जवळपास निम्मा चहा आज अशा लहान तुकड्यांमधून येतो. या माणसाकडे स्वतःचा कारखाना नसतो. हिरवं पान तो ‘बॉट लीफ फॅक्टरी’ला विकतो, म्हणजे पान विकत घेऊन चहा करणाऱ्या कारखान्याला, आणि तेही बऱ्याचदा मधल्या एजंटामार्फत. खुडल्यापासून काही तासांत पान खराब व्हायला लागतं, त्यामुळे भावासाठी अडून बसणं त्याला परवडत नाही. ही अडचण कायम लक्षात ठेवा. त्याचे बरेचसे निर्णय तिच्यातूनच येतात.

नवीन माणूस बहुधा बंदी असलेल्या कीटकनाशकांची यादी घेऊन गावात शिरतो. मीही तसाच गेलो होतो. लोकांनी शांतपणे ऐकलं, तामूल-पान, म्हणजे सुपारी आणि विड्याचं पान, पुढे केलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या दुकानातून नेहमीची बाटली आणली. त्यात त्यांची चूक नव्हती. कीड समोर दिसत होती आणि माझ्या यादीत तिच्यावर काहीच उपाय नव्हता. तेव्हापासून मी क्रम बदलला: आधी खुडणी, मग बागेची फेरी, आणि फवारणी शेवटी.

पहिली पायरी: हिवाळ्यात जा आणि आधी बघा

शक्य असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान कामाला सुरुवात करा. तेव्हा खुडणी थांबलेली असते, छाटणी चालू असते आणि लोकांना बोलायला वेळ असतो. प्रत्येक घरी बसून बागेचा हाताने नकाशा काढा. घर, विहीर किंवा हातपंप, तळं, चर, सावलीची झाडं, धुळीचा रस्ता, शेजाऱ्याचं भात हे सगळं त्यात यायला हवं. पुढे फवारणीच्या वेळी हाच नकाशा कामाला येतो.

मग तीन गोष्टी विचारा. पान कोण नेतं? कीटकनाशक कुठून येतं? आणि फवारणीचा पंप पाठीवर कोण घेतं? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. पंप घेणारा माणूस अनेकदा रोजंदारीवरचा असतो, तो सभेला येत नाही आणि बाटलीवरचं लेबल त्याने कधी वाचलेलं नसतं. आपण प्रशिक्षण देतो मालकाला आणि विष अंगावर घेतो दुसराच. त्याला शोधून त्याच्याशी बागेतच बोला. तसंच खुडणाऱ्या बायकांशी बोला. कीड सर्वांत आधी त्यांच्याच बोटांखाली येते. ‘बाइदेव (ताई), कुठल्या ओळीत पान काळं पडलंय?’ असं विचारलं की त्या नेमकी जागा दाखवतात.

कागदपत्रांचं काम थोडंच आहे. उत्पादकाची टी बोर्डाकडे नोंदणी झाली आहे का आणि त्याचं ओळखपत्र आहे का ते बघा. टी बोर्डाच्या ‘प्लांट प्रोटेक्शन कोड’ची ताजी आवृत्ती स्वतःजवळ ठेवा. चहावर कोणती कीटकनाशकं, बुरशीनाशकं आणि तणनाशकं चालतात ते त्यात असतं. ही यादी बदलत राहते, म्हणून कुणाकडून मिळालेल्या जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका. तांत्रिक शंका आली तर जोरहाटजवळची टोकलाई चहा संशोधन संस्था आहे. १९११ पासून तिथे चहावर काम चालू आहे.

दुसरी पायरी: खुडणीची फेरी सात दिवसांवर आणा

हाच या सगळ्या कामाचा कणा आहे, म्हणून इथे जास्त वेळ द्या.

कोकणात काजूवर येणारा ढेकण्या तुम्ही पाहिला असेल. त्याचाच भाऊबंद चहावर येतो. तिकडे सगळे त्याला ‘हेलोपेल्टिस’ म्हणतात. तो कोवळ्या पानातून आणि शेंड्यातून रस शोषतो, त्या जागी तपकिरी ठिपके पडतात, पान वाकडं होतं, शेंडा काळा पडतो. मादी अंडी घालते ती कोवळ्या शेंड्याच्या देठातच. बागेची खुडणी दर सात दिवसांनी होत असेल तर बरीचशी अंडी उबण्याआधीच पानाबरोबर बागेबाहेर जातात. फेरी दहा-बारा दिवसांवर गेली की ती तिथेच उबतात, पिल्लं पुढच्या फुटव्यावर बसतात आणि मालक दुकानाकडे धावतो. तुडतुडे आणि फुलकिडेही कोवळ्या शेंड्यावरच वाढतात, त्यांनाही हेच लागू पडतं.

लांबलेल्या फेरीचं दुसरं नुकसान तराजूवर दिसतं. ‘दोन पानं आणि एक कळी’ ऐवजी चार-पाच पानांचे जून शेंडे जातात आणि कारखाना भाव पाडतो. म्हणजे फवारणीचा खर्च वाढतो, पानाचा भाव घटतो, आणि दोन्हींचं मूळ एकच असतं.

मग लोक फेरी लांबवतात का? माणसं मिळत नाहीत म्हणून. खुडणीची मजुरी हा त्यांचा सगळ्यात मोठा खर्च आहे. म्हणून ‘वेळेवर खुडा’ एवढं सांगून निघून येऊ नका. मालकासोबत कागदावर हिशेब मांडा: एका वाढीव फेरीची मजुरी किती, एका फवारणीचा खर्च किती, जून पानामुळे भाव किती पडला. आकडे त्याचेच असू द्या, तुमचे नकोत. दुसरा मार्ग शेजाऱ्यांना जोडण्याचा. सात घरं एकत्र आली आणि खुडणाऱ्यांचा एकच गट रोज एकाची बाग घेऊ लागला तर सगळ्यांची फेरी आपोआप सात दिवसांची होते. ही गोष्ट सांगायला सोपी आहे, जमवायला एक अख्खा हंगाम लागू शकतो. तो द्या. माझ्या मते पहिल्या वर्षी तुम्ही एवढंच केलंत तरी पुष्कळ झालं.

पान कशात भरतात तेही बघा. युरियाच्या रिकाम्या पोत्यात पान भरलेलं दिसलं तर त्याच दिवशी थांबवा. प्लास्टिकच्या पोत्यात दाबून भरलेलं पान तापतं आणि लाल पडतं. जाळीच्या पिशव्या वापराव्यात, त्या सैल भराव्यात, सावलीत ठेवाव्यात, त्यावर कुणी बसू नये आणि गाडी लवकर निघावी.

तिसरी पायरी: आठवड्यातून एकदा बागेची फेरी

वार ठरवा. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर जा. हेलोपेल्टिस तेव्हाच वर येतो, भर उन्हात तो झुडपात दडतो आणि बाग स्वच्छ आहे असं वाटतं. मालकाला बरोबर घ्या. कडेच्या ओळी, मधल्या ओळी, सावलीतली झुडपं आणि उघड्यावरची झुडपं अशा वेगवेगळ्या ठिकाणी थांबा. प्रत्येक ठिकाणी काही शेंडे हातात घेऊन किती खराब आहेत ते मोजा आणि वहीत लिहा. मागच्या आठवड्याचा आकडा शेजारी असला की कीड वाढते आहे की स्थिर आहे हे मालक स्वतःच बोलायला लागतो.

लाल कोळी ही बारीक कीड बहुधा धुळीच्या रस्त्याकडेच्या आणि सावली नसलेल्या झुडपांपासून सुरू होते. पावसाआधीच्या कोरड्या महिन्यांत जून पानं तांबूस दिसायला लागली की समजा. आधी तीच झुडपं काठीला चिंधी बांधून खुणावून ठेवा. उपाय तेवढ्यापुरताच करा, अख्ख्या बागेवर पंप फिरवू नका. गुरं त्या ओळींतून जाऊ देऊ नका, कोळी त्यांच्या अंगाला लागून पुढे जातो. रस्त्यावर पाणी मारता आलं किंवा कडेला दाट कुंपण लावता आलं तर धूळ कमी होते, कोळीही कमी होतो.

उंटअळीचे पतंग सकाळी सावलीच्या झाडांच्या बुंध्यावर बसलेले सापडतात, आणि कोष झाडाजवळच्या मातीत असतात. मुलांच्या हातात कीटकनाशक कधी जाऊ नये, पण पतंग गोळा करायला घरातली सगळी माणसं लागू शकतात. एका सकाळी मारलेले पतंग म्हणजे पुढच्या पिढीची शेकडो अंडी टळली. पिवळे चिकट सापळे तुडतुडे आणि फुलकिड्यांचा अंदाज द्यायला चांगले आहेत. त्यांनी कीड संपेल असं मात्र कुणाला सांगू नका.

बागेच्या कडेला मिकानियाचा वेल चढलेला असतो आणि परसात पेरूचं झाड असतं. हेलोपेल्टिस या दोन्हींवर राहतो. मिकानिया फुलावर येण्याआधी मुळासकट काढा. पेरू काढा असं मी कुणाला सांगत नाही. त्याकडे बागेतल्या फेरीत बघायला मात्र सांगतो.

चौथी पायरी: फवारायचंच असेल तर

कधी कधी फवारावं लागतं, आणि ते मान्य करण्यात काही कमीपणा नाही. मग मात्र खरेदीपासून सगळं नीट करा.

पक्कं बिल घ्या, बॅच क्रमांक आणि मुदत बघा. बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणाबद्दल मोठा गैरसमज आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा उतरता क्रम माणसाला होणाऱ्या विषबाधेचा आहे. चहावर ते चालतं की नाही याच्याशी त्या रंगाचा संबंध नाही. हिरव्या त्रिकोणाचं कीटकनाशकही चहाच्या यादीत नसेल तर वापरायचं नाही. भातासाठी घरात उरलेली मोनोक्रोटोफॉसची बाटली चहावर रिकामी करणं ही अगदी नेहमीची चूक आहे, आणि कारखान्याच्या नमुन्यात ती पकडली जाते. ‘जैविक’ किंवा ‘टॉनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पण घटक न लिहिलेल्या बाटल्यांपासूनही लांब राहा. आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर पानावर काय राहील तेही सांगता येत नाही. दुकानदाराने सुचवलं म्हणून दोन-तीन कीटकनाशकं एकत्र मिसळू नका.

आता मात्रेचा हिशेब. लेबल बोलतं हेक्टरमध्ये, शेतकरी बोलतो बिघ्यात, आणि चूक या दोघांच्या मध्ये होते. आसाममध्ये साधारण साडेसात बिघे म्हणजे एक हेक्टर. समजा लेबलवर हेक्टरी ७५० मिलि लिहिलं आहे, तर बिघ्याला १०० मिलि झालं. पाणी हेक्टरी ४०० लिटर धरलं तर बिघ्याला सुमारे ५३ लिटर लागतं, म्हणजे १५ लिटरचे साडेतीन पंप. हा हिशेब मालकाच्या घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून या, आणि मोजण्यासाठी झाकणाऐवजी खुणा असलेलं मापटं द्या. त्याआधी साध्या पाण्याने एक बिघा फवारून बघा. पंप गळतो का, नोझल झिजलंय का, माणूस किती वेगाने चालतो, सगळं कळतं. गळका पंप दुरुस्त करणं ही सुरक्षेची पहिली पायरी आहे, कारण गळणारं द्रावण दिवसभर त्या माणसाच्या पाठीवर उतरत असतं.

जूनच्या दमट उकाड्यात पूर्ण सुरक्षा पोशाख घालून कुणी दोन तास काम करेल ही अपेक्षा खरी नाही. म्हणून जे होऊच शकतं त्यावर अडून बसा: पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पॅन्ट, गमबूट, मास्क, चष्मा, आणि बाटलीतून मोजून ओतताना रबरी हातमोजे. सर्वांत तीव्र विष हाताला लागतं ते याच क्षणी. पहाटे किंवा संध्याकाळी, वारा शांत असताना फवारा. फवारा वाऱ्याबरोबर अंगापासून दूर जाईल असं चाला. काम संपून साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय तामूल, खैनी, बिडी काही तोंडात जाऊ द्यायचं नाही. हे सांगायला तुम्हाला अवघड वाटेल, कारण तामूल तिथे पाहुणचाराचा भाग आहे, तरी सांगा. नंतर अंघोळ, आणि कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवायचे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मुलं आणि आजारी माणसं यांनी फवारणीच्या आसपासही असू नये. एकट्याने फवारू नये.

तळ्याच्या आणि विहिरीच्या कडेचा पट्टा न फवारता सोडा. नकाशा इथे उघडा. घरामागच्या तळ्यात मासे असतात आणि तेच घरच्यांच्या ताटात येतात. काही कीटकनाशकं, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड, माशांना फारच घातक असतात. पंप तळ्यात धुऊ नका. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोकं पाडा, म्हणजे ती पुन्हा कुणी पाण्याला वापरणार नाही. उरलेलं कीटकनाशक शीतपेयाच्या बाटलीत कधीही काढून ठेवायचं नाही. ते मूळ बाटलीतच, कुलपात ठेवायचं.

विषबाधेची लक्षणं फवारणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना तोंडपाठ असू द्या: खूप घाम, लाळ, उलटी, अंधुक दिसणं, स्नायू फडफडणं, श्वास लागणं. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, उलटी करवू नका, आणि बाटली लेबलसकट घेऊन रुग्णालयात जा. डॉक्टरांना लेबलवरून उपचार ठरवता येतो. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. तो पंपावरच रंगवून ठेवा.

फवारणीनंतर खुडणीपर्यंत लेबलवर आणि टी बोर्डाच्या कोडमध्ये दिलेले दिवस थांबायचं. चहात सात दिवसांपेक्षा कमी कधीच नको. सात दिवसांची फेरी असेल तर हे सहज बसतं: आज खुडा, खुडून झाल्याबरोबर फवारा, पुढची खुडणी सात दिवस पूर्ण झाल्यावर. कीटकनाशक चौदा दिवसांचं असेल तर मधली खुडणी खुडून टाकून द्यावी लागते. एवढं नुकसान परवडणार नसेल तर ते कीटकनाशक निवडूच नका.

पाचवी पायरी: माती, पाणी, सावली

आपल्याकडच्या काळ्या जमिनीवर शिकलेल्या माणसाला माती परीक्षणाच्या अहवालात सामू (पीएच) ५ दिसला की चुना सुचवावासा वाटतो. थांबा. चहाला आम्लधर्मी मातीच लागते, सामू ४.५ ते ५.५ हवा. डोलोमाइटचा, म्हणजे आम्लता कमी करणाऱ्या दगडाच्या भुकटीचा, विचार त्याच्या खाली गेल्यावरच करायचा. नमुना खत घालण्याआधी घ्या, बागेत आठ-दहा ठिकाणांहून.

छाटणीच्या काड्या आणि पानं बागेतच राहिली पाहिजेत, जमिनीला त्याहून स्वस्त सेंद्रिय खत नाही. पण घरात चूल असते आणि त्या काड्या सरपण असतात. मी जाड काड्या घरी न्या, पानं आणि बारीक फांद्या ओळीत पसरा असं सांगतो. ते पाळलं जातं.

चहाला भरपूर पाऊस हवा, पण मुळाशी साचलेलं पाणी नको. जुलैत पिवळी पडणारी बाग बघितली की खताआधी चर बघा. सुमारे मीटरभर खोल चर पावसाआधी मोकळे हवेत. आसाममधल्या उदालगुडीसारख्या हत्तींच्या वाटेवरच्या भागात खोल, उभ्या कडांच्या चरात हत्तीची पिल्लं अडकतात. तिथे चराची एक बाजू उतरती ठेवायला सांगा.

सावलीसाठी शिरीष वर्गातली झाडं लावतात. ती हवेतला नत्रही मातीत आणतात. सावली निम्म्याच्या आसपास असावी. उघड्यावर कोळी वाढतो, फार गर्द सावलीत हेलोपेल्टिस आणि बुरशी.

सहावी पायरी: वही, गट आणि भाव

प्रत्येक बागेची एक वही: तारीख, कुठला भाग, कोणती कीड, कीटकनाशक आणि मात्रा, कुणी फवारलं, पुन्हा कधी खुडलं. कीटकनाशकाचे अवशेष नमुन्यात सापडले तर हीच वही उत्पादकाची बाजू मांडते. २०२४ मध्ये आसाममधल्या बॉट लीफ कारखान्यांनी १ जूनपासून हिरवं पान घेणं थांबवण्याचा इशारा दिला होता, तो याच अवशेषांच्या प्रश्नावरून. एकट्या उत्पादकाला अशा वेळी कुणी विचारत नाही. पंधरा-वीस घरांचा गट असेल तर कारखान्याशी थेट बोलता येतं, एजंटावरचं अवलंबन कमी होतं आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रस्टी’सारख्या चहाच्या प्रमाणनाचा खर्चही वाटून घेता येतो. टी बोर्ड हिरव्या पानाचा जिल्हावार किमान दर दरमहा जाहीर करतं. तो गटाच्या फोनवर दर महिन्याला पोचवणं हे तुमचं काम समजा. त्या एका संदेशाने तुमच्याबद्दलचा विश्वास जितका वाढतो तितका दहा सभांनी वाढत नाही.

पुढचा हिवाळा आला की वही घेऊन पुन्हा त्याच ओसरीवर बसा. वर्षात किती फवारण्या झाल्या, त्यातल्या किती दहा दिवसांहून लांबलेल्या खुडणीनंतर झाल्या, ते दोघांनी मिळून मोजा. मग पुढच्या मार्चपासून खुडणीला कुठला वार कुणाच्या बागेचा, ते तिथेच ठरवून घ्या.